दर्याचा वाटा

प्रणाली सारंगने कोयती चालवली आणि खाडी गप्प झाली.

तशी ती एकदम गप्प होत नसे. आधी प्रणालीचा तराफा, मग ओहोटीचं पाणी जिकडे वाहत असेल तिकडचा शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. मयताच्या घरात शिरताना माणसं एकेक करून बोलणं थांबवतात ना, तशी. दहा-पंधरा मिनिटांत ती शांतता पार खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन पोचे.

ज्यांनी कधी ऐकलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की समुद्रातलं शेवाळ भर दुपारी आवाज करतं. उन्हात त्याचं अन्न शिजत असतं. त्या कामात प्राणवायूचे बारीक बुडबुडे अंगावर साठतात, आणि सुटताना टिक् करून सुटतात. एका झुपक्याचं टिक् कोण ऐकणार? पण आडबंदरच्या खाडीत चारशे बांबूचे तराफे होते आणि एकेका तराफ्याला दीडशे झुपके. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दांडा दातांत धरला, की डोक्यात मोहरी तडतडायला लागे. आडबंदरचे गाबीत मच्छीमार पूर्वी घोळ मासा असाच हुडकत. पुढे पाणी तापलं, घोळ निघून गेली, आणि वल्ह्याला कान देण्याची विद्या शेवाळाच्या कामी आली. तडतड जोरात तर पीक निरोगी, इतका साधा हिशेब.

त्या दुपारी खाडी गप्प झाल्यावर प्रणालीने सवयीने दांडा दातांत धरला. काहीच ऐकू येणार नव्हतं, आणि तेच तर तिला ऐकायचं होतं. तिला ती शांतता आवडायची.

पण ऐकू आलं. लांबून, खाडीच्या तोंडाबाहेरून, जिथे एकही तराफा नव्हता तिथून. टिक्, टिक्, टिक्.

चटचट आवाज करणारी कोळंबीबिळंबी असेल, म्हणून तिने सोडून दिलं असतं. तेवढ्यात सूर्यावर ढग आला आणि तो आवाज मंदावला. ढग सरला, आवाज परत आला. कोळंबीला उन्हाशी काय करायचंय?

*

चारशे तराफे असले तरी झाड एकच होतं. नऊ वर्षांपूर्वी शैवाल केंद्राने प्रयोगशाळेत ते एक झाड घडवलं आणि त्याचे तुकडे बंदराबंदरांत वाटले. बायका त्याला नुसतं 'तांबडी' म्हणत. मुठीएवढा तुकडा दोरीला बांधायचा, पंचेचाळीस दिवसांत तो परडीभर होतो. कापताना मुठीएवढाच मागे ठेवायचा, तो पुन्हा परडीभर होतो. फूल नाही, बी नाही, नर नाही, मादी नाही. तेव्हा खाडीत जे काही तांबडं डुलत होतं ते सगळं एकाच जिवाचं अंग होतं.

केंद्राने त्यात आणखी एक करामत केली होती. तांबडी कापली की जखमेतून एक प्रकारची साखर पाण्यात पाझरे. ती साखर ज्या झुपक्याला लागेल तो श्वास रोखून धरी, स्वतःही थोडी साखर सोडून निरोप पुढे पाठवी, आणि तासाभराने दुप्पट जोमाने वाढायला लागे. कापल्यावर सगळे गप्प होत ते यामुळे. त्यात भुताटकी काही नव्हती. केंद्राच्या पुस्तिकेत चित्र काढून समजावलेलं होतं.

म्हणूनच प्रणालीला झोप लागेना. गप्प होतं ते आपलं. मग जे गप्प होत नाही ते कोणाचं?

दुसऱ्या दिवशी ती आपली छोटी फायबरची होडी घेऊन एकटीच खाडीबाहेर गेली. सात वाव खोल पाणी, खाली काळोख. दांडा दातांत धरून ती हळूहळू वल्हवत राहिली. आवाज बरोबर खाली आला की दातांना झिणझिण्या येत, बाजूला सरलं की विरून जात. असं पुढे-मागे करत तिने त्याची हद्द काढली. लांबी अठरा हात, रुंदी चार हात, एका टोकाला निमुळता.

मग पाच हात शांतता. आणि त्या शांततेपलीकडे, त्या लांब आवाजाला समांतर, एक बारीक रेघ.

प्रणालीने दांडा दातांतून काढला आणि ती होडीत खालीच बसली. ती रेघ उलांडी होती. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ते लाकूड. आता आडबंदरात उलांडीची लाकडी होडी कोणी वापरत नव्हतं. शेवटची होती ती रुपेशची, तिच्या नवऱ्याची.

तीन वर्षांपूर्वी अवेळी वादळ उठलं त्या दिवशी रुपेश तराफ्यांचे नांगर बघायला गेला होता. फायबरची होडी घेऊन जा, म्हणून ती सकाळपासून त्याच्या मागे लागली होती. तो हसला, आजोबांची होडी मला ओळखते म्हणाला. तिचं डोकं फिरलं. तिने रागारागाने डबा भरला, झाकणाचा चाप दाबून बसवला आणि डबा त्याच्यापुढे आपटला. "खाल्लंस तर खा, नायतर घाल दर्यात," एवढंच बोलली. ते शेवटचं. महिनाभर शोधूनही ना होडी मिळाली, ना माणूस. लोक म्हणाले, विधी करून टाक. तिने मंगळसूत्र काढलं नाही. आणि तीन वर्षं एकच गोष्ट तिच्या काळजाला कुरतडत राहिली होती. तो उपाशी गेला का?

*

त्यानंतर महिनाभर प्रणाली रोज दुपारी तिथे जाऊन बसू लागली. भाकरी दोन माणसांची नेई. दांडा दातांत धरून ऐकत राही. कोणाला सांगितलं नाही, लवूलासुद्धा नाही. लवू म्हणजे तिचा धाकटा दीर. शेजारच्याच घरात राहायचा आणि भावाच्या माघारी तिचं सगळं निगुतीने बघायचा. वहिनी हल्ली दोन भाकऱ्या घेऊन एकटीच कुठे जाते, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण विचारायचा धीर त्याला होईना.

प्रणालीला आपला मूर्खपणा कळत होता. खाली रुपेश नाही, शेवाळ आहे, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण ते गप्प बसत नव्हतं. तिने वर कितीही कापलं, सारी खाडी मुकी केली, तरी ते एकटं बोलत राहायचं. तीन वर्षांच्या मुक्या घरातून आलेल्या बाईला आणखी काय हवं असतं?

महिना भरता भरता केंद्राच्या डॉक्टर अश्लेषा देवस्थळी आडबंदरला आल्या. शेवाळ वाळवायच्या शेडमध्ये त्यांनी बायकांना जमवलं आणि एका टबातून एक कालव काढून दाखवलं. शिंपल्यावर तांबडं कातडं चढलं होतं. शिंपला उघडायला जागाच उरली नव्हती. आतला जीव गुदमरून गेला होता.

"हे तुमच्या तांबडीचं पिल्लू आहे," त्या म्हणाल्या.

"तांबडीक पिल्लां खंयची?" जयू मोंडकर म्हणाली. ती खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकावर कालवं काढायची. "तुमीच सांगलास, ती वांझ म्हणान."

"वांझ नाही जयूताई. आम्ही तिला लहान ठेवलं होतं. दर कापणीला तिला वाटतं आपण आत्ताच रुजलोय, म्हणून ती नुसती वाढते. कापायची राहिली तर मात्र वयात येते. अंगावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके येतात. एकेका ठिपक्यातून डोळ्यांना न दिसणारे हजारो बीजाणू सुटतात, आणि त्यातला प्रत्येक आईपेक्षा थोडा निराळा असतो. आईचा निरोप त्यांना कळत नाही. आई गप्प झाली तरी ते वाढतच राहतात."

"मग काढून टाकूया कापून."

"तेच करायचं नाही. जेवढे तुकडे कराल तेवढी नवी झाडं होतील. जागच्या जागी ताडपत्रीने झाकून आत चुना सोडावा लागेल." डॉक्टरांनी कालव परत टबात ठेवलं. "आज द्वादशी. हे पुनवेच्या उधाणाला बीजाणू सोडतं. मोठी वसाहत कुठेतरी जवळच आहे, ती त्याआधी सापडली नाही तर पुढच्या वर्षी या किनाऱ्यावर कालवाला खडक राहणार नाही. मी कोणाला दोष द्यायला आलेली नाही. फक्त सांगा, कोणाकडे न कापलेला झुपका राहिलाय का?"

सगळ्या बायकांनी कानावर हात ठेवले, आणि त्या खरं बोलत होत्या. प्रणालीने तोंडातून ब्र काढला नाही.

आडबंदरात मासेमारी होती तेव्हा जाळ्यातला पहिला मासा परत पाण्यात सोडत. तो दर्याचा वाटा. तांबडी आल्यावर बायकांनी ती रीत तशीच पुढे चालवली. तराफ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातला एक झुपका कापायचा नाही. 'एकही झुपका नव्वद दिवसांहून अधिक ठेवू नये' असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात होतं खरं, पण कारण लिहिलेलं नव्हतं, आणि कारण नसलेला नियम दर्यापेक्षा मोठा कसा मानायचा? मग केंद्राचा तपासनीस आला. त्याने ते झुपके पाहिले आणि थयथयाट केला. बायकांनी मुकाट्याने आपापला वाटा कापून टाकला.

प्रणालीने मात्र आपला झुपका दगड बांधून तराफ्याखाली दोन वाव खोल सोडून दिला, कोणाच्या नजरेला पडणार नाही असा. रुपेशला जाऊन तेव्हा महिना झाला होता. दर्याने त्याला घेतलं होतं, आणि दर्याचा वाटा कापला तर दर्या त्याला कसा वागवील, या भीतीने तिचा हात चाललाच नव्हता.

*

त्रयोदशीला दुपारी ती होडी ढकलत होती तेव्हा लवू पाण्यात उतरून समोर उभा राहिला.

"वयनी, आज मी येतंय."

ती नाही म्हणाली नाही. खाडीबाहेर पोचल्यावर तिने त्याच्या हातात वल्हं दिलं आणि दुसऱ्या वल्ह्याने स्वतः होडी हळूहळू त्या जागेवरून नेली. लवू दांडा दातांत धरून ऐकत होता. लांब आवाज सरला, शांतता आली, आणि मग बारीक रेघ आली तसा त्याने दांडा दातांतून काढला.

"उलांडी," तो पुटपुटला. "दादाची होडी?"

तिने मान हलवली. तो ओक्साबोक्शी रडला. रडून झाल्यावर भडकला.

"किती दिवस जातंस हयसर?"

"म्हयनो झालो."

"म्हयनो! आणि माका एका शब्दान सांगलंस नाय? माजो भाव नाय तो?"

"सांगलंय असता तर ते इले असते, चुनो घेवन."

"वयनी, दादा नाय तो. शेवाळ आसा ता."

"ठावक आसा माका," ती म्हणाली. "पण ता गप्प ऱ्हवत नाय, लवू."

त्याने पुन्हा दांडा दातांत धरला, आणि थोड्या वेळाने हात वर केला. "हयसर सपाक होया होता. सपना नाय."

प्रणालीने वल्हं काढून घेतलं. खरंच, निमुळत्या टोकाशी आवाज संपायला हवा होता. तो संपत नव्हता. होडीच्या हद्दीबाहेर पडून तो अरुंद पट्ट्याने पुढे चालला होता. दोघांनी त्याचा माग काढला. वीस हात, पन्नास हात, शंभर. पट्टा कुठे वळला नाही, कुठे फाटला नाही. सरळ खाडीच्या तोंडाकडे, जयूच्या खडकाला वळसा घालून आत, आणि बरोबर प्रणालीच्या तराफ्याच्या रोखाने.

ओहोटीला खाडीतलं सकस पाणी त्याच वाटेने बाहेर पडतं. तिने इतक्यांदा वर कापलं होतं, तेव्हा तिच्या तराफ्याची साखरही त्याच वाटेने गेली असणार; निरोप कळला नाही तरी पिल्लांना ती खाद्य झाली असणार. अर्थ एवढा साधा होता. तरी तिच्या मनात आलं ते निराळंच. तो घरी यायला निघालाय, असं तिला वाटलं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिला आनंद झाला.

त्या आनंदाचीच तिला भीती वाटली. जयूचा खडक समोर उघडा पडला होता. महिन्यामागे करडा होता, आज पाण्यालगत तांबड्या कातड्याचा हातभर पट्टा चढला होता. उन्हात तो तडतडत होता, आणि आता ते ऐकायला वल्ह्याचीही गरज नव्हती.

तिने त्याला तराफ्याखाली लपवलेल्या झुपक्याचं सांगितलं. "भायर काढ गो ता, वयनी," लवू हळूच म्हणाला. "सांग तेंका."

संध्याकाळ व्हायच्या आत तिने तराफ्याखालचा दोर ओढून घेतला. तीन वर्षं न कापलेला झुपका तिच्या कमरेएवढा झाला होता आणि अंगभर तपकिरी ठिपके होते. तो पिंपात घालून तिने झाकण लावलं, आणि दोघांनी मिळून ते पिंप डॉक्टर देवस्थळी उतरल्या होत्या त्या घराच्या दारात नेऊन ठेवलं.

"किती दिवसांचा?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्सां," प्रणाली म्हणाली. मग तिने उरलेलं सगळं सांगितलं. डॉक्टर तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

*

चतुर्दशीला सकाळी केंद्राची बोट त्या जागेवर उभी राहिली. कॅमेरा खाली गेला आणि पडद्यावर होडी दिसली.

संपूर्ण होडी. फळ्या, बाक, उलांडीचे आडवे दांडे, आडवं ठेवलेलं वल्हंसुद्धा. सगळं तांबडं, सगळं मंद हलणारं. पाणबुड्या खाली उतरला आणि त्याने बाजूच्या फळीवर हळूच बोट टेकवलं. बोट आत गेलं.

"लाकूड नाहीये," तो वर आल्यावर म्हणाला. "किड्यांनी कधीच पोखरून खाल्लंय. लाकडाच्या जागी शेवाळ उभं आहे. होडी अशी नाहीच, मॅडम. नुसता तिचा आकार आहे."

"आणि माणूस?" लवूने विचारलं.

पाणबुड्याने प्रणालीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "मागच्या फळीवर शेवाळ जास्त दाट आहे. बसल्यासारखं. आत हात घातला तर ते तुटेल. मी घातला नाही."

डॉक्टर देवस्थळी प्रणालीशेजारी येऊन बसल्या. "प्रणालीताई, तिथे माणूस असण्याची शक्यता असेल तर घरच्यांच्या संमतीशिवाय मी झाकू शकत नाही. काढायचं म्हटलं तर काढता येईल, पण तुकडे सुटतील. उद्या पुनव. तुम्ही सांगाल तसं."

प्रणाली पडद्याकडे बघत होती. मागच्या फळीवरचा तो तांबडा आकार पाण्याबरोबर पुढे झुकत होता, मागे रेलत होता. रुपेश वल्हवताना असाच झुकायचा. पाण्याच्या हेलकाव्याला कोणीही असंच झुकेल, हे तिला कळत होतं. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.

"झाका," ती म्हणाली.

ताडपत्री खाली गेली. लवूने वल्हं पाण्यात धरलं आणि दांडा तिच्यापुढे केला. चुना सुटला तशी ती तडतड एकदम वाढली, मग तुटक झाली, मग एका टोकाकडून विझत आली. निमुळतं टोक, मधले बाक, उलांडी. सगळ्यात शेवटी मागची फळी.

पाणबुड्याने एक वस्तू मात्र झाकणबंद बरणीतून वर आणली होती. ती शेवाळात नव्हती, वर तरंगत होती. हवा भरलेली असल्यामुळे ती पृष्ठभागाकडे ओढ घेत होती, आणि मागच्या फळीवरून निघालेल्या एका तांबड्या दांड्याने तिची कडी धरून ठेवली होती. तीन वर्षं. तो दांडा पाणबुड्याने बरणीतच छाटला होता.

स्टीलचा डबा होता. झाकणाचा चाप बसलेला होता. कडीला बोटभर शेवाळ चिकटून होतं.

"हे खरं तर मी द्यायला नको," डॉक्टर म्हणाल्या. "घरी न्या. उघडायच्या आधी वीस मिनिटं उकळा, कडीवरचं शेवाळ न काढता. मी बाहेर पडवीत बसते."

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. प्रणालीने मोठ्या टोपात समुद्राच्याच पाण्यात डबा ठेवला, आणि ऊन लागताच कडीवरचं ते बोटभर शेवाळ बोलू लागलं. टिक्, टिक्. दांडा नको, वल्हं नको. तिच्या घरात, तिच्या ओट्यावर.

ती पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. एवढंसं तर आहे. एका बरणीत मावेल. कोणाला कळणार? खिडकीबाहेर पडवीत बसलेल्या डॉक्टरची पाठ दिसत होती. त्या वळून बघत नव्हत्या.

प्रणालीने गॅस पेटवला.

पाणी कोमट झालं तसा तो आवाज भराभर यायला लागला. गरम पाण्यात बुडबुडे लवकर सुटतात, हे तिला माहीत होतं. तरी बाहेर कोणीतरी घाईघाईने दार ठोठावत असावं तसं ते ऐकू येत होतं. तिने ओट्याची कड घट्ट धरली.

"झाला हां," ती म्हणाली. "आता झाला."

तांबडा रंग हिरवट झाला, मग पांढरा. आवाज थांबला. पाणी उकळत राहिलं. घरात कापणीनंतरची ती शांतता आली, जी तिला एकेकाळी आवडायची. फक्त या वेळी तासाभराने काहीही पुन्हा वाढायला लागणार नव्हतं.

वीस मिनिटं होत आली तेव्हा टोपातून एकच मोठा आवाज आला. टक्!

ती दचकून मागे सरली. आतली हवा तापून फुगली होती आणि डब्याचा चाप सुटला होता. झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं.

तिने गॅस बंद केला, चिमट्याने डबा बाहेर काढला, आणि झाकण बाजूला केलं.

डबा रिकामा होता. भाकरीचा कण नव्हता, कालवणाचा डाग नव्हता. जेवण झालं की तो समुद्राच्या पाण्यात डबा विसळायचा, पंच्याने कोरडा पुसायचा, आणि मगच चाप लावायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने लावलेली सवय होती ती. तळाशी पंच्याचा एक पांढरा धागा चिकटला होता.

प्रणालीने तो डबा छातीशी धरला. तो अजून चटका बसेल इतका गरम होता. मग ती पडवीत आली, डॉक्टर उठून उभ्या राहिल्या, आणि कुंपणापलीकडून लवू धावत आला.

"लवू," ती म्हणाली, "भटजींका सांग. विधी करूया." आणि मग, रडू आवरत, "तो जेवलेलो."